दुसऱ्या पोत्यावरचा मार्का

प्रेमानंदच्या घरी फोन दोन होते आणि नंबर एकच. सकाळी तो नंबर त्याच्या बटणांच्या फोनमध्ये असायचा आणि संध्याकाळी पोरांच्या मोठ्या फोनमध्ये. म्हणजे असं, की प्रेमानंद छोटा टेम्पो चालवतो, भाडं फोनवरच ठरतं, म्हणून दिवसभर सिमकार्ड त्याच्या खिशातल्या फोनमध्ये. तो घरी आला की धाकटा प्रशिक आईच्या कानातल्याची तार घेऊन तयारच असे. बटणांच्या फोनचं झाकण उघडून कार्ड काढायचं, मोठ्या फोनचा छोटासा ट्रे तारेने बाहेर ढकलायचा, त्यात कार्ड बसवायचं, आणि मग थोरली नंदिनी अभ्यासाला बसायची. सकाळी पुन्हा उलटं. हा मोठा फोन त्यांच्या रीना आत्याने पुण्याहून पाठवलेला, वापरलेला पण चांगल्यातला. त्यातून नंबर काढताना आणि घालताना प्रशिकचा चेहरा एखाद्या सर्जनसारखा असायचा.

ही मंडळी नागपूरजवळच्या वाडीत, वरच्या मजल्यावर माझ्या शेजारच्या खोल्यांत राहतात. समोर अमरावती रोड, मागे ट्रान्सपोर्टची गोदामं. मी शाळेतून निवृत्त झालो तरी दुपारी चार पोरं माझ्याकडे येऊन बसतात, आणि ही दोघं तर जेवण झालं की येतातच.

त्या दिवशी त्यांच्याबरोबर बापही आला. हातात फोन, फोनचं झाकण उघडं, आणि कार्डाच्या खाली कागदाची घडी खुपसलेली.

"गुरुजी, हे पाहा," तो म्हणाला. "बोट दाबून ठेवलं तर टावर येते. बोट काढलं का 'सिम टाका' म्हणते."

मी कार्ड भिंगाखाली धरलं. रोज काढून, रोज घालून त्याच्या पिवळ्या पट्ट्या पार घासून गेल्या होत्या आणि एका कोपऱ्याला बारीक चीर होती. सकाळी तो कंपनीच्या दुकानात जाऊन आला होता. तिथे अंगठा घ्यायचं मशीन बंद, उद्या या म्हणाले. पण उद्यापर्यंत थांबायला सवड नव्हती. लकडगंजचे प्लायवूडवाले रुपराव आज दुपारनंतर फोन करणार होते. त्यांचा जुना टेम्पोवाला गावी परत चालला होता आणि वाडीचं गोदाम ते लकडगंजचं दुकान अशी रोजची खेप त्यांना कुणाला तरी कायमची द्यायची होती. रोजची खेप म्हणजे सकाळी उठून आज काम मिळेल का, हा विचार संपला. प्रेमानंद कित्येक महिने अशा कामाच्या मागे होता. मागच्या आठवड्यात रुपरावांनी एकदा फोन केला तेव्हा तो लागलाच नव्हता, आणि आज नाही लागला तर पुढच्या माणसाला सांगतो, असं त्यांनी स्पष्ट बजावलं होतं.

"नंबर बदलला तर?" मी विचारलं.

"नंबर कसा बदलू? गाडीच्या दोन्ही दारांवर रंगवला आहे. अर्ध्या नागपुरापाशी तोच आहे."

तेवढ्यात नंदिनीने तो विषय काढला. गेल्याच आठवड्यात आम्ही मोठ्या फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं दाबून पाहिलं होतं, कारण मी पोरांना प्रत्येक यंत्राला स्वतःचा क्रमांक असतो हे शिकवत होतो. तेव्हा पडद्यावर एक जास्तीची लांबलचक ओळ दिसली होती आणि मी सांगितलं होतं की ज्या फोनमध्ये ई-सिम चालतं त्यातच ही ओळ दिसते. तिने ते लक्षात ठेवलं होतं.

"गुरुजी, कार्डच नको ना मग. ई-सिम करू. घासायले काही राहणारच नाही."

प्रेमानंदने माझ्याकडे पाहिलं. कार्ड नसताना नंबर राहतो कुठे, हे त्याला कळेना. पोरांनाही नीट कळलेलं नव्हतं. मी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. मागच्या गोदामात हमाल पोती उतरवत होते. पोतं कोणाचं हे कळावं म्हणून त्यावर जी खूण असते तिला आमच्याकडे मार्का म्हणतात. मी म्हणालो, मार्का दोन तऱ्हेने लावता येतो. एक म्हणजे पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीने पोत्याला बांधायचा. सुतळी सोडली की तो तुकडा दुसऱ्या पोत्यालाही बांधता येतो. दुसरी तऱ्हा म्हणजे पोत्यावरच शाईने ठसा मारायचा. सिमकार्ड हा सुतळीने बांधलेला तुकडा. ई-सिममध्ये फोनच्या आत एक कोरी चकती कारखान्यातूनच बसवलेली असते आणि कंपनी इंटरनेटवरून तिच्यावर तुमचा मार्का उमटवते. सुतळी नाही, तुकडा नाही, झिजायला काही नाही.

"भारी," प्रशिक म्हणाला. त्याच्या डोळ्यांत लगेच दिवे लागले.

प्रेमानंदला जुन्या शहरात, महाल भागात भांड्यांचा माल पोचवायचा होता. गाडी भरून उभी होती. त्याने अर्ध्या तासात काय ते करा म्हणून सांगितलं आणि आम्ही लागलो कामाला.

पहिली पायरी म्हणजे त्याच नंबरवरून कंपनीला संदेश पाठवायचा, त्यात ई-मेलचा पत्ता द्यायचा. नंबर होता बटणांच्या फोनमध्ये, म्हणून संदेश तिथूनच जायला हवा. नंदिनीने शाळेसाठी वडिलांच्या नावाने पत्ता काढून ठेवला होता. ती अक्षरं दाबू लागली, एकेका बटणावर तीन तीनदा. मधलं ते 'ॲट'चं गोल शेपटीवालं चिन्ह काही सापडेना. शेवटी ते स्टारच्या बटणात लपलेलं निघालं आणि प्रेमानंदला त्याची गंमत वाटली. या बटणाचा उपयोग त्याने आजवर फक्त फोनचं कुलूप उघडायला केला होता.

संदेश जाईपर्यंत टॉवर टिकला पाहिजे. प्रशिकने दोन्ही अंगठ्यांनी कार्ड दाबून धरलं आणि श्वासही रोखून धरला. श्वास घेतला तरी चालेल, मी त्याला सांगितलं. संदेश गेला. उत्तर आलं की खरंच हवं असेल तर एक आकडा परत पाठवा. तोही गेला. मग कंपनीचा फोन आला, त्यातल्या आवाजाने होकार असेल तर एक दाबा म्हणून सांगितलं. बटण दाबायचं होतं नंदिनीला आणि कार्ड दाबायचं होतं प्रशिकला, दोघांची बोटं एकमेकांत अडकली आणि प्रेमानंद वरून म्हणत होता, "अरे, फोन पाडसान, पाडसान."

यात मी पोरांना एक गोष्ट दोनदा सांगितली. हे सगळं आपण स्वतः सुरू केलं आहे, म्हणून होकार द्यायचा. उद्या कुणी आपण होऊन फोन करून म्हणाला की तुमचं ई-सिम करून देतो, आकडा सांगा, तर फोन ठेवून द्यायचा. नंबर दुसऱ्याच्या फोनमध्ये गेला की त्याच्यामागे बँकही जाते.

मेल आला. मोठ्या फोनला माझ्या घरचं वायफाय जोडलेलं होतंच. नंदिनीने मेल उघडला आणि पडद्यावर तो काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन उमटला. पोरं टाळ्या पिटणार इतक्यात नंदिनीने हात वर केला.

"गुरुजी, हा चौकोन याच फोनच्या कॅमेऱ्याले दाखवायचा आहे. पण चौकोन तर याच फोनवर आहे."

हा प्रश्न मला फार आवडतो. तो मी पोरांवरच सोडला. प्रशिक धावत घरी गेला आणि आईचा आरसा घेऊन आला. आरशात चौकोन दिसेल आणि पुढच्या कॅमेऱ्याने तो टिपू, अशी त्याची कल्पना. त्याने आरसा धरला, नंदिनीने कॅमेरा उघडला, आणि कॅमेरा उघडताच पडद्यावरचा चौकोन गायब होऊन तिथे प्रशिकच्याच नाकपुड्या दिसू लागल्या. प्रेमानंद इतका हसला की त्याला उशीर होतो आहे हे तो विसरला.

"अजून एक पडदा पाहिजे," नंदिनी म्हणाली. "पण कोणाच्या फोनवर पाठवायचा नाही ना?"

बरोबर, नाही पाठवायचा. माझा जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात आहे, त्यावर मी पोरांना ग्रहतारे दाखवतो. तिने तिथे मेल उघडला. चौकोन मोठा, ठसठशीत. मग मोठ्या फोनच्या सेटिंगमध्ये सिमचं पान, त्यात ई-सिम जोडा, आणि कॅमेरा चौकोनासमोर. फोन क्षणभर थबकला, एक गोल फिरू लागला, आणि लिहून आलं की ई-सिम घेतलं आहे. नंबर चालू व्हायला दोन तासांपर्यंत वेळ लागू शकतो, तोवर जुनं कार्ड चालू राहील.

"कॉम्प्युटरवरच्या मेलमधून बाहेर पड," मी नंदिनीला आठवण करून दिली, आणि तिने तो बंद केला.

खाली टेम्पोच्या मागे ट्रक हॉर्न वाजवत होता. प्रेमानंद उठला. त्याने बटणांच्या फोनचं झाकण बसवलं, पडद्यावर टॉवरच्या काड्या आहेत हे पाहिलं, फोन शर्टाच्या खिशात टाकला आणि गेला. मोठा फोन चार्जिंगला लागलेला होता. रोज सकाळी तो असाच जातो. आमच्यापैकी कोणालाच त्यात काही वेगळं दिसलं नाही.

मग सुरू झालं वाट पाहणं. पोरांनी फोन मधोमध ठेवला आणि भोवती बसली. मी भागाकार घेतले, पण भाजकाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. प्रशिक दर थोड्या वेळाने वाकून पाहायचा. आई पिंकी धुणं वाळत घालता घालता दारातून डोकावून गेली आणि विचारलं, "आला का वं नंबर?" जसा काही पाहुणाच यायचा होता.

आणि तो आला. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात आधी एक काडी, मग दुसरी, मग चारही. कंपनीचं नाव उमटलं. नंदिनीने ट्रे उघडून दाखवला, आत काही नव्हतं, आणि तरी फोनला नंबर होता. तिने माझ्या फोनवर मिस कॉल दिला. माझ्या पडद्यावर प्रेमानंदचं नाव झळकलं. पोरं उड्या मारू लागली. मीही खुर्चीतून उठलो होतो, हे मला नंतर कळलं.

उड्या मारता मारता प्रशिक मध्येच थांबला.

"गुरुजी, मार्का तर या पोत्यावर लागला."

"हो."

"पण बाबा तर दुसरं पोतं घेऊन गेले."

खरंच की. वर्षभर नंबर म्हणजे ते कार्ड होतं, आणि कार्ड म्हणजे बाबांचा खिसा. शाईचा मार्का सोडून नेता येत नाही हे मीच शिकवलं होतं आणि तो ज्याच्याजवळ हवा तो माणूस दुसराच फोन घेऊन जाताना आम्ही तिघांनी पाहिला होता. आता प्रेमानंदच्या खिशातल्या फोनवर 'सिम टाका' असणार, आणि रुपरावांचा फोन येणार तो इथे, भागाकाराच्या वह्यांमध्ये.

आम्ही एकमेकांकडे पाहत असतानाच तो वाजला.

अनोळखी नंबर. प्रेमानंदची सगळी नावं बटणांच्या फोनमध्ये होती, इथे एकही नाही. नंदिनीने माझ्याकडे फोन पुढे केला. मी हात पुढे केला नाही. वडिलांचं काम तिला माझ्याहून जास्त माहीत होतं.

तिने उचलला आणि आवाज मोठा केला.

"प्रेमानंद?"

"मी त्यांची मुलगी, नंदिनी. बाबा गाडीवर आहेत. कोण बोलून राहिले?"

"रुपराव, लकडगंज. तुझ्या बापाचा फोन एक तर लागत नाही, लागला तर पोट्टी उचलते. माल आज थेट दुकानावर उतरून राहिला, तो इथून वाडीच्या गोदामात न्यायचा. आज पहिली खेप त्याची. तासाभरात गाडी लागली पाहिजे. येते का नाही, आत्ताच सांग."

नंदिनीने फोन तोंडाजवळ घेतला. मला वाटलं ती विचारून सांगते म्हणेल. पण विचारणार कोणाला?

"काकाजी, माल किती आहे? एका खेपेत बसते का? भिजू नये असा आहे तर ताडपत्री आहे गाडीत."

मग रुपरावांनी माल सांगितला, खेप सांगितली, दुकानाची गल्ली सांगितली. त्यांचा आवाज जरा खाली आला होता.

"येतील," ती म्हणाली. "महालात आहेत. तिथूनच येतील."

तिने फोन ठेवला. शब्द देऊन बसली होती. महालातून लकडगंज जवळ, पण प्रेमानंद एकदा का वाडीच्या रस्त्याला लागला तर सगळं शहर ओलांडून उलट येणार आणि मग तासाभरात काही पोचत नाही. तो महालातून निघायच्या आत त्याला गाठायला हवं होतं.

"भांडे कोणाकडे नेले?" मी विचारलं.

"शोभाताईच्या दुकानात. पण तिचा नंबर बाबांच्या त्या फोनमध्ये आहे."

प्रशिक उठला. कोपऱ्यात त्याचं दप्तर पडलं होतं. दप्तर म्हणजे एक कापडी पिशवी. त्याने ती उलटी करून पुस्तकं, डबा, पेन्सिली, एक लिंबू असं सगळं जमिनीवर ओतलं आणि पिशवी माझ्यासमोर ताणून धरली. लाल अक्षरांत भांड्यांच्या दुकानाचं नाव होतं, महालचा पत्ता होता, आणि खाली नंबर. दिवाळीला आईने तिथून कुकर घेतला होता तेव्हाची पिशवी. धुऊन धुऊन शेवटचा आकडा अर्धा गेला होता. तीन असेल किंवा आठ.

प्रशिकचं मत आठ. आठ लावला तर कोणी तरी लग्नाच्या मांडवातून बोलत होतं आणि त्याने नंदिनीला जेवायला यायचा आग्रह केला. मग तीन.

"हॅलो, प्रेमानंद, काय गा, काही राहिलं का?" एक बाई म्हणाली. तिच्या फोनवर अर्थातच प्रेमानंदचंच नाव दिसत होतं.

नंदिनीने एका दमात सगळं सांगितलं. शोभाताई म्हणाल्या की तो तर हिशेब करून आत्ताच निघाला. नंदिनीचा चेहरा उतरला. पण मग शोभाताईंनीच पुढे सांगितलं, "थांब बेटा. गल्लीत गाडी वळत नाही. उलटी काढून राहिला तो. तोंडावर हातगाडी आडवी आहे."

मग फोनमधून चपलांचा आवाज आला, दुचाक्यांचे हॉर्न आले, आणि शोभाताईंची एक हाक आली, जी मला वाटतं फोनशिवायही वाडीपर्यंत ऐकू आली असती. आम्ही तिघं फोनवर ओणवे झालो होतो. दारात पिंकी ओला टॉवेल हातात धरून उभी.

"हॅलो," प्रेमानंदचा आवाज आला. "कोण आहे? शोभाताई म्हणते माझाच फोन आला म्हणून. माझा तर माझ्या खिशात आहे."

"बाबा, तो फोन पाहा."

त्याने खिशातला फोन काढून पाहिला असावा. "सिम टाका म्हणते," तो हळूच म्हणाला. "गेला वं, नंदिनी. कार्ड मेलं."

"मेलं नाही बाबा. नंबर इकडे आला. मी तुमच्याच नंबरवरून बोलून राहिली. रुपरावांचा फोन आला होता. मी हो म्हटलं. तुम्ही वाडीले येऊ नका. तिथूनच लकडगंजले जा, तासाभरात."

तिने गल्ली सांगितली, माल सांगितला. मग शोभाताईंना फोन परत देताना त्याचं एक वाक्य ऐकू आलं, ते आमच्यासाठी नव्हतं. "माझी पोट्टी आहे," तो म्हणाला.

दिवेलागणीला टेम्पो परत आला. प्लायवूडचा भुसा अजून हौद्यात होता. रोजची खेप मिळाली होती. प्रेमानंद पायऱ्या चढतानाच सांगू लागला, आणि सगळ्यांत जास्त त्याला हेच सांगायचं होतं की रुपराव काय म्हणाले. ते म्हणाले, तुझी पोरगी माल किती ते आधी विचारते, तू कधी विचारलंस का?

पिंकीने त्या दिवशी गोड शिरा केला. माझ्याही वाटीत आला. जेवताना नवीन प्रश्न निघाला, तो म्हणजे आता मोठा फोन कोणाकडे राहणार. नंबर त्यातून निघत नाही, तर फोनच बाबांबरोबर जाणार, हे नंदिनीने स्वतःच सांगितलं आणि संध्याकाळी तो घरी येईल तेव्हा अभ्यास करीन म्हणाली. म्हणजे आधी कार्ड ये-जा करायचं, आता फोन ये-जा करणार. प्रेमानंदला ते पटलं, पण एवढा मोठा फोन खिशात कसा मावेल याची त्याला काळजी होती. पिंकीने खिसा वाढवून द्यायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशिक सवयीने आईच्या कानातल्याची तार घेऊन दारात उभा राहिला. काढायला काही नव्हतं. मग त्याने फोनची काच शर्टाने पुसली आणि बाबांच्या हातात दिला. आता रोज तेच करतो.

बातमी वाडीत पसरायला वेळ लागला नाही. बंटी म्हणून एक ट्रकवाला आहे, त्याच्याकडेही दोन फोन. तो रविवारी माझ्या दारात आला आणि म्हणाला की त्यालाही कार्ड नको, नंबर फोनच्या आत टाकून द्या. पोरांना तर तेच हवं होतं. नंदिनीने कॉम्प्युटर सुरू केला, आरसा मात्र घरीच ठेवला. बंटीने दोन्ही फोन टेबलावर मांडले.

नंदिनी पहिला संदेश टाइप करू लागली, तेवढ्यात प्रशिकने तिचा हात धरला. त्याने दोन्ही फोन बंटीसमोर सरकवले.

"आधी हे सांग दादा," तो म्हणाला, "रोज घरून निघताना खिशात कोणता असते?"